गोदामापासून चुलीपर्यंत : दुष्काळातील रसदीचा विचार

दुष्काळ हा शब्द उच्चारला की आपल्या मनात प्रथम पाऊस, पीक आणि पाणी यांचाच विचार येतो. पाऊस पडला नाही म्हणून पिकले नाही, आणि पिकले नाही म्हणून माणसे उपाशी राहिली, असा सरळ हिशेब आपण मांडतो. शाळेत असताना ‘दुष्काळ : एक आपत्ती’ या विषयावर जे निबंध आपण लिहिले, त्यांतही हाच हिशेब असे. या वर्षी अर्थशास्त्राच्या अभ्यासाच्या निमित्ताने मी दुष्काळांचा थोडाफार इतिहास वाचला. तेव्हा असे ध्यानात आले की, या हिशेबातील मधल्या पुष्कळ पायऱ्या आपण गाळत असतो. धान्य एका ठिकाणी असते आणि भूक दुसऱ्या ठिकाणी. कधी त्यांच्यामध्ये शेकडो मैलांचे अंतर असते, तर कधी दुकानाच्या फळीएवढेच. हे अंतर कोण, कसे आणि किती दिवसांत तोडतो, यावर माणसे जगणार की मरणार हे पुष्कळ अंशी ठरते.

प्रस्तुत लेखात या मधल्या अंतराचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी आपल्याच प्रदेशातील तीन दुष्काळ मी घेतले आहेत : १८७६-७८ चा, १९७२-७३ चा आणि २०१६ चा. मी सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील कोरडवाहू भागातली आहे. त्यामुळे हा विषय मला केवळ परीक्षेपुरता नाही, हेही आरंभीच सांगून टाकते.

रसद म्हणजे काय?

‘रसद’ हा शब्द आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातून माहीत आहे. लढणाऱ्या फौजेला दाणागोटा, वैरण आणि दारूगोळा वेळेवर पोहोचविणे म्हणजे रसद. पानिपतावर मराठ्यांचे काय झाले, हे आपणांस ठाऊक आहेच. डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद तुटली, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे लढावयास बाहेर पडले ते उपाशीपोटी. त्या काळी बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य लादून फौजांच्या मागोमाग चालत. पराक्रमाइतकाच त्या बैलांच्या पाठीवरही लढाईचा निकाल अवलंबून असे.

दुष्काळातील रसद मात्र फौजेच्या रसदीहून अवघड असते. फौज एका ठिकाणी तळ देऊन असते. ती किती आहे आणि कोठे आहे, हे सेनापतीला ठाऊक असते. दुष्काळग्रस्त माणूस वाड्यावस्त्यांवर विखुरलेला असतो. तो कोठे आहे, घरात किती तोंडे आहेत, कणगीत किती दिवसांचे धान्य उरले आहे, हे वर बसलेल्या अधिकाऱ्याला ठाऊक नसते. म्हणून दुष्काळातील पुरवठ्याच्या तीन पायऱ्या मानता येतील. पहिली, कोणाला काय व किती हवे याची माहिती गोळा करणे. दुसरी, माल तेथवर वाहून नेणे. तिसरी, तो योग्य माणसाच्या हातात वेळेवर पडेल असे करणे. आपल्याकडे वर्तमानपत्रांत चर्चा होते ती बहुधा दुसऱ्या पायरीची. किती गाड्या सुटल्या, किती टन धान्य रवाना झाले, याचे आकडे छापून येतात. घात मात्र पुष्कळदा पहिल्या आणि तिसऱ्या पायरीवर होतो. पुढील उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

१. आगगाडी होती, तरीही उपासमार झाली (१८७६-७८)

मुंबई-ठाणे आगगाडी १८५३ मध्ये सुरू झाली आणि १८६० मध्ये ती सोलापूरपर्यंत पोहोचली. म्हणजे १८७६ मध्ये दख्खनेत पाऊस फसला, तेव्हा या भागात लोहमार्ग येऊन सोळा वर्षे झाली होती. दुसऱ्या पायरीचे, म्हणजे वाहतुकीचे, उत्तम साधन हाताशी होते. तरीही त्या दुष्काळात ब्रिटिश हिंदुस्थानात पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली असा अंदाज केला जातो. हे कसे घडले?

याचे उत्तर असे की, आगगाडी धान्य वाहून नेते, परंतु ते कोणाकडे न्यावयाचे हे ती ठरवीत नाही. ते बाजारभाव ठरवितो. व्यापाऱ्याचे धान्य जेथे भाव चढा आणि गिऱ्हाईक खात्रीचे, तेथे जाते. दुष्काळी भागातील शेतमजुराला भूक होती, पण हातात पैसा नव्हता. शेतात कामच नव्हते, मग मजुरी कोठून मिळणार? त्याच्या भुकेची बाजाराला खबरच लागत नव्हती. त्या वर्षांतही हिंदुस्थानातून इंग्लंडकडे गव्हाची निर्यात चालू होती, हे लक्षात घेतले म्हणजे या गोष्टीचा उलगडा होतो.

सरकारने मदतीची कामे काढली. परंतु खर्च आटोक्यात ठेवण्याच्या धोरणापायी सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ च्या आरंभी मजुरीचा दर खाली आणला. दिवसभर खडी फोडणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर थोडे पैसे, एवढेच मिळू लागले. एक पौंड म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम. शिवाय गावाजवळची लहान कामे आवरती घेऊन लोकांना दूरच्या मोठ्या कामांवर जाण्यास सांगण्यात आले. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी याला नकार दिला आणि ते काम सोडून निघाले. १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी उर्फ सार्वजनिक काका ज्या संस्थेचे प्रमुख कार्यकर्ते होते तिने, दुष्काळी भागातील माहिती गोळा केली आणि सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले. मला या ठिकाणी सभेचे मोठेपण असे वाटते की, तिने केवळ दयेची याचना केली नाही. कोठे काय स्थिती आहे याची माहिती तिने सरकारपुढे मांडली. म्हणजे वर सांगितलेल्या तीन पायऱ्यांपैकी पहिल्या पायरीचे काम तिने अंगावर घेतले.

पुढे सर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला. दुष्काळात धान्याइतकाच रोजगार आटतो, म्हणून लोकांना काम आणि मजुरी दिली पाहिजे, हे तत्त्व त्यात मान्य करण्यात आले. त्यातूनच १८८३ मध्ये दुष्काळ संहिता तयार झाली. अमर्त्य सेन यांनी पुढे शंभर वर्षांनी, १९८१ मध्ये, बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाचा अभ्यास करून हाच विचार शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. बाजारात धान्य असणे ही एक गोष्ट आणि ते मिळविण्याची ऐपत किंवा हक्क माणसापाशी असणे ही दुसरी गोष्ट, असा त्यांच्या प्रतिपादनाचा सारांश सांगता येईल.

२. काम म्हणजेच वाटपाची व्यवस्था (१९७२-७३)

आता १९७२ कडे वळू. हा भाग मी थोडा विस्ताराने लिहिणार आहे, कारण मदतीची व्यवस्था मोठ्या प्रमाणावर उभी राहिली की काय साधते आणि कोठे कमी पडते, या दोन्ही गोष्टी त्यात दिसतात.

आधीची दोन वर्षेही महाराष्ट्रात पाऊसपाणी बेताचेच होते. १९७२ मध्ये तो पारच दगा देऊन गेला. वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. सरकारने ठिकठिकाणी दुष्काळी कामे काढली. पाझर तलाव, नालाबांध, शेतांची बांधबंदिस्ती, रस्ते, विहिरी आणि खडी फोडणे अशी ही कामे होती. मे १९७३ च्या सुमारास या कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. १९७१ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख होती. म्हणजे लहान-थोर सर्व धरून राज्यातील दर दहा माणसांत एक माणूस सरकारी कामावर घमेले उचलीत होता.

या आकड्याचा रसदीच्या दृष्टीने अर्थ काय, हे पाहण्यासाठी एक साधा हिशेब मांडू. कामावरच्या ५० लाख माणसांना दररोज दरडोई अर्धा किलो धान्य धरले, तर २५ लाख किलो, म्हणजे २,५०० टन धान्य रोज लागेल. दहा टनी मालमोटारी धरल्या तर अशा २५० मोटारी. घरी बसलेली म्हातारी माणसे आणि मुले यांचा यात समावेश नाही. आणि हे एक दिवस नव्हे, तर कित्येक महिने, दररोज. शिवाय जनावरांच्या छावण्यांना वैरण लागे ती वेगळीच. कडबा वजनाला हलका पण आकाराने मोठा असतो. मोटार भरलेली दिसते, परंतु वजन पाहावे तर थोडेच. त्यामुळे वैरणीची वाहतूक धान्यापेक्षाही महाग पडते.

एवढे धान्य घरोघर वाटावयाचे म्हटले असते तर कोणत्याही सरकारला ते झेपले नसते. कामाच्या योजनेचे शहाणपण येथे दिसते. सरकारने मजुरी दिली, आणि मजुरी हातात आल्यावर माणूस स्वतःच धान्याच्या शोधात निघाला. काही धान्य रास्त भावाच्या दुकानातून मिळाले. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी त्या पिढीला अजून आठवते. कामावर आणि शाळांतून सुकडी वाटली गेली. उरलेली गरज बाजाराने भागविली. ज्याँ द्रेज या अर्थशास्त्रज्ञाने त्या दुष्काळाचा तपशीलवार अभ्यास केला आहे. त्या काळी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात धान्य नेण्यावर बंधने होती. तरीही दुष्काळी भागात मजुरीचा पैसा खेळू लागल्यावर व्यापाऱ्यांनी सीमेपलीकडून धान्य आणलेच, असे त्याने दाखविले आहे. १८७७ मध्ये ज्या भुकेची बाजाराला खबर लागत नव्हती, ती १९७३ मध्ये मजुरीच्या रूपाने बाजारापर्यंत पोहोचली. पीक १८७६ सारखेच बुडाले होते, परंतु तशी प्राणहानी झाली नाही.

आणखी एक गोष्ट आहे. घरोघर जाऊन ‘तुला गरज आहे काय?’ असे विचारीत बसण्याची पाळी या पद्धतीत येत नाही. ज्याच्या घरात दाणे आहेत तो उन्हात खडी फोडावयास सहसा येत नाही. जो येतो त्याला गरज आहे, असे समजावयास हरकत नाही. म्हणजे पहिल्या पायरीची माहितीही कामावरच्या हजेरीतून आपोआप मिळते. अर्थात म्हातारी, आजारी, बाळंतीण आणि अपंग माणसे या चाळणीतून खाली गळतात. त्यांच्यासाठी वेगळी सोय करावी लागते. ती जेथे झाली नाही तेथे ती माणसे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आधारावरच राहिली.

इथवर पुस्तकातले झाले. आता कामावर प्रत्यक्ष असलेल्या माणसाचे ऐकू. माझी आजी त्या वेळी सतरा-अठरा वर्षांची, नुकतेच लग्न होऊन आलेली होती. आमच्या गावापासून दीड-दोन कोसांवर पाझर तलावाचे काम निघाले होते. आजोबा चौकड्या खोदीत आणि आजी माती वाहून बांधावर टाकी. ‘खायला मिळत नव्हते का?’ असे मी तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली, “दुकानात मिलो हुती की. पोतीच्या पोती हुती. पर आमचं पैसं सायबाच्या वहीत अडकल्यालं. वही काय शिजवून खायाची व्हय?”

हकीकत अशी होती की, मजुरी आठवड्याला मिळावयाची असताना एकदा तीन आठवडे मिळालीच नाही. मोजमाप व्हावयाचे होते, की हजेरीपट वर गेला होता, की पैसे आले नव्हते, याचे कारण मजुरांना कोणी सांगितले नाही. धान्य गावात आले होते. दुसरी पायरी पुरी झाली होती. अडले ते शेवटच्या हातभर अंतरावर. त्या तीन आठवड्यांत आमच्या घरची बैलजोडी विकली गेली, तीही वैरणीअभावी सगळेच जनावरे विकत असताना, म्हणजे मातीमोलाने. १९७३ च्या मृगात पाऊस चांगला झाला. गावात तिफणी चालू लागल्या. आमच्या घरी मात्र पेरणीसाठी बैल नव्हते. शेत वाट्याने दिले गेले आणि आजोबा पुढे दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जाऊ लागले. माझ्या वडिलांचे शिक्षण सातवीत थांबले. त्याला त्या बैलजोडीखेरीज दुसरीही कारणे होती, हे मला मान्य आहे. परंतु तीन आठवड्यांचा उशीर तीन आठवड्यांत संपत नाही, हे मात्र त्यावरून समजते. मदत शेवटी पोहोचलीच, असे सरकारी अहवालात लिहिता येते आणि ते खरेही असते. ती पोहोचेपर्यंत घरातून काय काय गेले, याचा रकाना त्या अहवालात नसतो.

दुसरी गोष्ट हजेरीपटाची. आजीला अक्षरओळख नव्हती. कारकून दाखवील तेथे ती अंगठा उठवी. “अंगठ्याम्होरं किती लिव्हलंया त्ये देवाला ठावं,” असे ती सांगते. कारकून प्रामाणिकही असेल. मला त्याच्यावर आरोप करावयाचा नाही. परंतु या साखळीच्या अगदी टोकाशी उभ्या असलेल्या माणसाला आपल्याला काय मिळणार होते हेच जर ठाऊक नसेल, तर मधल्या कोणत्याही टप्प्यावर किती गळती झाली हे कधीच उघड होणार नाही. धान्याचे पोते गोदामात मोजले जाते, मोटारीत चढविताना मोजले जाते, दुकानात उतरविताना मोजले जाते. चुलीपाशी ते मोजणारा कोणी नसला, तर आधीच्या सर्व मोजण्यांचा उपयोग काय?

या दुष्काळाचे एक कायमचे फळ म्हणजे रोजगार हमी. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या योजनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले आणि तो कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला. आपल्या प्राध्यापकांच्या पगारातून दरमहा जो कापला जातो, तोच हा कर. शहरातील पगारदाराचा पैसा दुष्काळी गावातील मजुराकडे जावा, असा तो विचार होता. पुढे २००५ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या रोजगार हमीच्या कायद्यात, काम शक्यतो गावापासून पाच किलोमीटरांच्या आत असावे आणि मजुरी पंधरा दिवसांच्या आत मिळावी, अशी तरतूद केली गेली. १८७७ चे मजूर ज्या गोष्टीसाठी काम सोडून गेले आणि माझी आजी ज्या गोष्टीसाठी तीन आठवडे थांबली, त्या दोन्ही गोष्टी कायद्यात लिहिल्या गेल्या. कायद्यात असणे आणि हातात पडणे यांतील फरक तेवढा राहतोच.

३. पाण्याची आगगाडी (२०१६)

१९७२ चा दुष्काळ अन्नाचा होता, अलीकडचे दुष्काळ पाण्याचे आहेत, असे आमच्याकडील वृद्ध माणसे म्हणतात. पाण्याची रसद धान्याहून कितीतरी अवघड असते, हे लातूरच्या उदाहरणावरून समजते.

लातूर शहराला पाणी पुरविणारे मांजरा धरण २०१६ पर्यंत कोरडे पडले. त्या वर्षी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. अखेर मिरजेहून कृष्णेचे पाणी आगगाडीने नेण्याचे ठरले. वाघिणी राजस्थानातील कोटा येथे आतून स्वच्छ करून आणण्यात आल्या. १२ एप्रिल २०१६ रोजी दहा वाघिणींची पहिली गाडी सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली. तिला ‘जलदूत’ असे नाव मिळाले. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली आणि एका खेपेत सुमारे २५ लाख लिटर पाणी जाऊ लागले. पावसाळ्यापर्यंत अशा शंभराहून अधिक खेपा झाल्या.

२५ लाख लिटर हा आकडा ऐकावयास मोठा वाटतो. परंतु लातूरची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास होती. भागाकार केला तर माणशी सहा लिटर पडतात. मघाशी आपण पाहिले की, २,५०० टन धान्यात ५० लाख माणसांचा एक दिवस निघतो. तेवढ्याच वजनाच्या पाण्यात मात्र चार लाख माणसांना पिण्यास व स्वयंपाकास जेमतेम पुरेल एवढेच मिळते. आंघोळ, धुणे आणि जनावरे यांचे नावच नको. म्हणून पाणी वाहून नेणे हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे.

या गाडीविषयी दोन गोष्टी विशेष ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, ही गाडी पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव या मार्गाने गेली. हा मार्ग म्हणजे जुनी बार्शी लाइट रेल्वे. १८९७ मध्ये सुरू झालेल्या या अरुंद मार्गावर मोठ्या वाघिणी चालत नसत. कुर्डुवाडीस माल एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे. २०१६ च्या आधी काही वर्षे हा मार्ग टप्प्याटप्प्याने रुंद करण्यात आला होता. तो झाला नसता तर मिरजेची वाघीण लातूरपर्यंत तशीच्या तशी गेली नसती. दुष्काळ पडल्यावर रूळ टाकता येत नाहीत. संकटातील रसद संकटापूर्वीच्या वर्षांत तयार होत असते, ती अशी.

दुसरी गोष्ट, गाडीच्या दोन्ही टोकांची. मिरजेस जलशुद्धीकरण केंद्रापासून रेल्वेच्या आवारापर्यंत नवी जलवाहिनी टाकावी लागली. लातूरला गाडी रिकामी करून पाणी शुद्धीकरणासाठी न्यावे लागे आणि मग टँकरने वस्त्यावस्त्यांत. दहा हजार लिटरचा टँकर धरला, तर एका गाडीचे २५० टँकर होतात. मिरज ते लातूर हे साडेतीनशे किलोमीटरांच्या जवळपासचे अंतर एका इंजिनाने तोडले. लातूर स्थानक ते नागरिकाची घागर हे थोड्याशा मैलांचे अंतर तोडण्यास मात्र टँकर, चालक, डिझेल, वाटपाचे वेळापत्रक आणि रांगेत तासन्‌तास उभी राहणारी बाई, एवढे सर्व लागले. छायाचित्रे निघाली ती आगगाडीची.

४. अचानक कोसळणारी आपत्ती

दुष्काळ हळूहळू येतो. निदान सावध होण्यास तो सवड देतो. भूकंपात आणि पुरात ती सवड नसते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. अनंत चतुर्दशीची रात्र उलटून लोक गाढ झोपले होते. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. मदतीचा ओघ लगोलग सुरू झाला, परंतु बघ्यांच्या गर्दीने आणि वाहनांनी अरुंद रस्ते अडून गेले. ज्या रस्त्याने डॉक्टर आणि यंत्रे यावयाची, त्याच रस्त्यावर कुतूहलाने आलेल्या मोटारी उभ्या राहिल्या. ऑगस्ट २०१९ मधील कृष्णा-पंचगंगेच्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद होता आणि कोल्हापूरकडे जाणाऱ्या मालमोटारी रांगेने खोळंबल्या होत्या. मी त्या वेळी शाळेत होते. आमच्या कोरड्या तालुक्यातून पूरग्रस्तांसाठी भाकरी गेल्या. कपडेही गेले, आणि त्यांत जुनेपाने, फाटके असे पुष्कळ होते. चिखलाने माखलेल्या माणसाला ज्या वेळी पिण्याचे पाणी, औषध आणि कोरडी जागा हवी असते, त्या वेळी गाठोडी सोडून त्यांतले धडके निवडण्याचे काम त्याच्यावर पडते. आपण दिलेल्या वस्तूलाही रस्त्यावर जागा लागते, उतरविण्यास माणूस लागतो, ठेवण्यास छप्पर लागते. नको असलेली मदत हव्या असलेल्या मदतीची वाट अडविते. हे कटू वाटेल, पण खरे आहे.

आपण काय करू शकतो?

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्ह्याजिल्ह्यांत या कामासाठी प्राधिकरणे नेमली आहेत. मोठी कामे ती करतील. तथापि, वरील विवेचनावरून असे दिसते की, पहिल्या आणि तिसऱ्या पायरीचे काम गावातच करावे लागते, आणि ते करण्यास मोठ्या यंत्रांची नव्हे तर लिहित्या-वाचत्या माणसांची गरज असते. आपल्या महाविद्यालयात येणारी बहुतेक मुले खेड्यांतून येतात. आपल्यापैकी अनेकजण घरातले पहिलेच कॉलेजात आलेले आहेत. म्हणून काही सूचना मी येथे करू इच्छिते.

एक : राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरात आपण दरवर्षी रस्ता करतो किंवा बांध घालतो. यंदा त्याबरोबर दत्तक गावाची एक वही तयार करावी. एकटी राहणारी म्हातारी माणसे किती, गरोदर स्त्रिया किती, अपंग किती, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची मागे राहिलेली मुले कोणाकडे आहेत, कोणत्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी असते, ट्रॅक्टर कोणाकडे आहे, पावसात कोणता ओढा रस्ता अडवितो, एवढी माहिती त्यात असावी. एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक तलाठ्याकडे द्यावी. दरवर्षी ती पुन्हा तपासावी, कारण जुनी यादी कधी कधी यादी नसण्यापेक्षा अधिक फसविते.

दोन : आपत्ती आली की, वस्तू गोळा करण्यापूर्वी तेथील कोणाला तरी फोन करून काय हवे ते विचारावे. गोळा केलेल्या वस्तू जातवारीने वेगळ्या बांधाव्या आणि प्रत्येक गाठोड्यावर आत काय व किती आहे हे मराठीत मोठ्या अक्षरांत लिहावे. जेथे बाजार चालू आहे तेथे वस्तूंऐवजी पैसे पाठवावे. त्यामुळे गाडीभाडे वाचते आणि तेथील दुकानदारही उभा राहतो.

तीन : आपल्या गावात काम निघाले तर हजेरीपट वाचून दाखविण्यास अर्धा तास द्यावा. रेशन दुकानाच्या फलकावर काय लिहिले आहे आणि पावतीवर काय आले आहे, हे वाचता न येणाऱ्या माणसाला सांगावे. यासाठी कोणाशी भांडण करण्याची आवश्यकता नाही. आकडा मोठ्याने वाचला तरी पुष्कळ काम होते.

यांपैकी पहिल्या सूचनेसाठी लागणाऱ्या वहीचा एक नमुना मी आखला आहे आणि तो राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यालयात दिला आहे. त्यात तेरा रकाने आहेत. एखादा रकाना कमी पडत असेल, तर वाचकांनी तो अवश्य सुचवावा. शिबिराला जाण्यापूर्वी त्यात भर घालता येईल.